फार्महाऊसचा स्विमिंग पूल पूर्ण हिरवा झालाय, आधी कधी पूल सांभाळलेला नाही. पाणी काढून टाकावं की तेच साफ होईल?

तेच साफ होईल. पाणी काढू नका, निदान पावसाळा संपल्या संपल्या तरी अजिबात नका.

तुम्ही लिहिलंय की दोन पावसाळे घर बंद होतं, तळ दिसत नाही, बेडूक झालेत आणि ज्याला बोलावलं त्याने सगळं रिकामं करून ॲसिडने धुवायला सांगितलंय. आमची पण डिट्टो हीच गत होती. अलिबागजवळ सासऱ्यांची छोटी वाडी आहे, तिथे ८ बाय ४ मीटरचा पूल, लॉकडाऊनमध्ये २०२० चा मार्च ते २०२१ चा ऑक्टोबर तिकडे कोणी फिरकलंच नाही. गेलो तेव्हा पाणी पालकाच्या सूपसारखं, वर नारळाच्या झावळ्या आणि सुपारीची विरी तरंगतायत. मला पूलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पंपरूममध्ये किती पाइप आहेत ते सुद्धा पहिल्यांदा त्या दिवशी मोजले.

रिकामा का करायचा नाही ते आधी सांगतो. रिकामा पूल म्हणजे जमिनीत पुरलेली होडी समजा. आत पाणी असतं तोवर त्याच्या वजनाने ती बसून राहते, आणि पावसाळ्यानंतर आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, ते खालून ढकलतं. आमच्याच आळीत एकांनी ऑक्टोबरात पंप लावून पूल उपसला, चार दिवसांत तळाच्या टाइल्स फुगून उचकटल्या आणि मधोमध तडा गेला. फायबरचा पूल असेल तर अख्खं भांडंच वर येऊ शकतं. तुमच्याकडे विहीर असेल तर डोकावून बघा, विहिरीचं पाणी पूलच्या तळापेक्षा वर दिसत असेल तर विषय संपला. शिवाय ४०-४५ हजार लिटर पाणी परत आणणार कुठून, टँकरवाला खूश होईल फक्त.

आता काम. पहिले दोन दिवस केमिकलला हात लावू नका. लांब दांड्याची जाळी घ्या आणि तळापासून पाला काढा, दिसत नसलं तरी चाचपडत काढत राहा. कुजलेला पाला आत असेल तर तुम्ही टाकलेलं क्लोरीन शेवाळ मारण्याऐवजी पाला खाण्यातच संपतं, हे मला पाच लिटर वाया घालवून कळलं. डासांसाठी कोणी गप्पी मासे सोडले असतील तर ते आधी काढून घ्या, बेडूकमासे पण जमतील तेवढे. आणि तळ दिसत नाही तोवर पाण्यात कोणी उतरायचं नाही, मोठ्यांनी सुद्धा नाही, कारण आत कोणी बुडालं तर वरून दिसणारच नाही. पाण्यातल्या दिव्यांचा एमसीबी पाडून ठेवा, वायरमनने बघेपर्यंत.

मग पंप. वर्षभर बंद असलेला पंप एकदम चालू केला तर नुसता गुंगूं करतो, कारण शाफ्ट जाम झालेला असतो. मेन बंद करून मागच्या पंख्याकडून हाताने फिरवून मोकळा करा, पुढची जाळीची बादली उघडून साफ करा आणि ती पाण्याने काठोकाठ भरून मगच झाकण लावा, नाहीतर हवा धरतो आणि पाणी ओढतच नाही. सँड फिल्टरवर जो सहा पोझिशनचा व्हॉल्व्ह असतो त्याचा दांडा पंप बंद असतानाच फिरवायचा, चालू असताना फिरवला की आतलं गॅस्केट जातं. मी घालवलं. बॅकवॉश करा (म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून अडकलेली घाण बाहेर काढा), काचेच्या छोट्या खिडकीत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, मग अर्धा मिनिट रिन्स, मग फिल्टरवर आणा. अशा वेळी फिल्टरच्या प्रेशर गेजचा काटा जिथे असतो तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा. काटा त्याच्या सव्वापट वर गेला की परत बॅकवॉश. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोन-तीनदा करावा लागतो, कंटाळायचं नाही. हां आणि बॅकवॉशचं पाणी झाडांना सोडू नका, मी पाइप केळीच्या बुडात सोडला होता, आठ दिवसांत केळी पिवळी पडली आणि सासरे अजून ऐकवतात.

आता मुद्द्याची गोष्ट, क्लोरीन. दुकानात गेलात की चार डबे पुढे ठेवतील, शेवाळाचं औषध, पाणी चमकवायचं औषध वगैरे. तुम्हाला लागणार आहे साधं लिक्विड क्लोरीन, म्हणजे सोडियम हायपो, ३५ लिटरच्या कॅनमध्ये मिळतं, साधारण १० टक्क्यांचं. ताजं बघून घ्या, उन्हात पडून राहिलेल्या कॅनमधला दम निघून जातो, आणि घरी आणल्यावर पण सावलीतच ठेवा. हिशोब सोपा आहे: १० हजार लिटर पाण्यात १०० मिली टाकलं की क्लोरीन १ पीपीएमने (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) वाढतं. तुमच्या पूलची लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली मीटरमध्ये, त्याला हजाराने गुणलं की लिटर. आमचा साधारण ४३ हजारांचा निघाला, म्हणजे १ पीपीएमला ४३० मिली, १२ पीपीएम करायचं तर पाच लिटरच्या थोडं वर.

१२ च का, तर ते ठरतं स्टॅबिलायझरवर, म्हणजे सायन्यूरिक ॲसिड. ते पाण्यात अजिबात नसेल तर ऊन क्लोरीनला खाऊन टाकतं, दोन तासांत निम्म्याहून जास्त गायब. आणि खूप असेल तर क्लोरीन असून नसल्यासारखं, शेवाळ मरतच नाही. स्टॅबिलायझर ३० पीपीएमच्या आसपास असेल तर शेवाळ मारायला क्लोरीन १२ लागतं, ५० असेल तर २०, आणि १०० असेल तर ४० च्या घरात जावं लागेल जे करण्यात अर्थ नाही, तेव्हा मात्र थोडं थोडं पाणी बदलावं लागतं (सगळं एकदम नाही!). टीसीसीए म्हणून जी पांढरी पावडर किंवा गोळ्या सगळे पूलवाले वापरतात ना, त्यात हे स्टॅबिलायझर आतच असतं, दर १० पीपीएम क्लोरीनबरोबर ६ पीपीएम ते पण पाण्यात जातं आणि क्लोरीन उडालं तरी ते तिथेच बसून राहतं. म्हणून हिरवा पूल टीसीसीएने साफ करू नका, रोजच्यासाठी ठीक आहे. दोन पावसाळे पूल भरून वाहिला असेल तर तुमचं स्टॅबिलायझर बहुतेक धुऊन गेलं असेल, पण टेस्ट केल्याशिवाय टाकू नका. नसेल तर १० हजार लिटरला ३०० ग्रॅम, जुन्या पायमोज्यात भरून पाणी जिथून आत येतं तिथे लटकवायचं, हळूहळू विरघळतं.

क्लोरीनच्या आधी पीएच बघून घ्या, ७.२ च्या आसपास आणा. जास्त असेल तर हायड्रोक्लोरिक ॲसिड, हार्डवेअरच्या दुकानात फरशी साफ करायचं म्हणून मिळतं. आधी यासाठी की क्लोरीन १० च्या वर गेलं की पीएचचे लाल थेंब खोटं सांगतात, मग त्याकडे बघायचंच नाही. ॲसिड टाकल्यावर पंप चालू ठेवून तासभर तरी थांबा मग हायपो. दोन्ही एका बादलीत, एका मगमध्ये, एकामागोमाग कधीच नाही, विषारी क्लोरीन गॅस निघतो. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर तर कोरडी सुद्धा एकत्र येता कामा नये, पेट घेते, म्हणून मोजायचा चमचा पण वेगळा. आणि नेहमी केमिकल पाण्यात टाकायचं, केमिकलवर पाणी ओतायचं नाही. चष्मा आणि हातमोजे घाला, माझ्या दोन जीन्सवर अजून पांढरे ठिपके आहेत.

पहिला दिवस निराशेचा जातो हे आधीच सांगतो. मी संध्याकाळी पाच लिटर टाकलं, अर्ध्या तासाने टेस्ट केली तर शून्य. परत टाकलं, परत जवळपास शून्य. मला वाटलं कॅनवाल्याने पाणीच भरून दिलंय. तसं नसतं, घाण आणि सडक्या पाण्यातला अमोनिया ते सगळं खात असतो. पहिल्या दिवशी दर तासाला मोजून परत १२ वर आणायचं, दुसऱ्या दिवसापासून तीन-चार तासांनी. म्हणूनच हे काम शनिवार-रविवारी मांडव्याची रो-रो बोट पकडून येऊन होत नाही, मधल्या पाच दिवसांत शेवाळ परत उठतं आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर. मी दहा दिवस तिथेच लॅपटॉप घेऊन बसलो, मीटिंग म्यूट करून क्लोरीन टाकायचो.

टेस्टचं एक लक्षात ठेवा. स्वस्त किटमधले पिवळे थेंब जास्तीत जास्त ३ किंवा ५ पर्यंतच दाखवतात. तर एक भाग पूलचं पाणी आणि चार भाग बाटलीतलं पाणी मिसळून टेस्ट करायची आणि आकड्याला पाचाने गुणायचं, काम भागतं. गुलाबी रंगवाली गोळी असेल तर क्लोरीन खूप असताना रंग येऊन लगेच उडतो, लोकांना वाटतं शून्य आहे, आणि अजून ओततात.

याच्या जोडीला ब्रश. रोज दोनदा भिंती, कोपरे, पायऱ्या, शिडीच्या मागे, टाइल्सच्या सांध्यात. शेवाळावर बुळबुळीत थर असतो, तो खरवडल्याशिवाय क्लोरीन आत पोचत नाही. खांदे भरून येतात.

मग रंग बदलतो. गडद हिरवा, मग मळकट पोपटी, मग राखाडी, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी फिनेल टाकलेल्या पाण्यासारखं दुधाळ निळसर. इथे बहुतेक जण थांबतात आणि इथेच चुकतं. शेवाळ मेलंय पण पाण्यातच आहे, ते फक्त फिल्टर काढणार, म्हणून पंप जवळजवळ चोवीस तास चालू आणि क्लोरीन १२ वरच ठेवायचं. लाइट गेले (जाणारच) तर आल्यावर पहिलं काम पंप. तळाला गाळ बसला की व्हॅक्यूम लावून व्हॉल्व्ह वेस्टवर ठेवा, म्हणजे गाळ फिल्टरमध्ये न जाता थेट बाहेर. गावात सगळे तुरटी टाका म्हणतात, ती गाळ खाली बसवते हे खरंय, पण शेवाळ मेल्यानंतर आणि फिल्टरला जमतच नसेल तरच वापरा. मोरचूद मात्र नको, टाइल्सवर डाग पडतात आणि पिकलेले केस हिरवट होतात.

एक अपवाद, पाणी पारदर्शक आहे पण रंग हिरवट किंवा क्लोरीन टाकल्या टाकल्या चहासारखं झालं तर ते शेवाळ नाही, बोअरच्या पाण्यातलं लोह वगैरे आहे, त्याचा उपाय वेगळा. तसं झालं तर कमेंटमध्ये सांगा.

संपलं कधी समजायचं? खोल बाजूला एक रुपयाचं नाणं टाका, वरून छापा की काटा ओळखता आलं पाहिजे. आणि रात्री अंधार पडल्यावर क्लोरीन मोजा, काही न टाकता पहाटे ऊन यायच्या आत परत मोजा. रात्री ऊन नसतं, म्हणजे जे कमी झालं ते शेवाळानेच खाल्लं. फरक १ पीपीएमपेक्षा जास्त असेल तर डोळ्यांना निवळशंख दिसलं तरी चालू ठेवा. माझं नाणं आठव्या दिवशी दिसलं पण रात्रीची टेस्ट दहाव्या दिवशी पास झाली, तोवर दोन कॅन संपून तिसरा उघडला होता. त्यानंतर क्लोरीन आपोआप खाली येऊ द्या, ३-४ वर आलं की मग पोरांना सोडा.

अरे हो, एक राहिलंच. स्किमरची (पूलच्या काठाला वरचा कचरा ओढून घेणारं तोंड असतं ना, त्याची) टोपली काढताना झाकण उघडून थेट हात घालू नका, आधी काठीने हलवा. आमच्याकडे त्यात दिवड बसली होती. बिनविषारी असते वगैरे नंतर आठवलं, त्या क्षणी मी टोपलीसकट पंपरूमच्या छपरावर फेकली आणि ती टोपली काढायला परत माळ्याला चढावं लागलं.