चावी आधी परत करा, बिल मात्र सोडू नका

प्रश्न : नागपुरात मनीषनगरला माझं कार डिटेलिंगचं दुकान आहे. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) 2022 ची. दोन वर्षांपासून एका कंपनीची दोन छोटी विमानं (सेसना 172) सोनेगावला विमानतळाच्या हँगरमध्ये जाऊन धुतो, पॉलिश आणि वॅक्स करतो. सगळा व्यवहार तोंडी. 26 आणि 27 मे 2025 ला दोन्ही विमानं केली, 84,000 रुपयांचं बिल दिलं. 28 ला सकाळी मॅनेजरचा व्हॉट्सअॅप आला की एका विमानाच्या स्टॅटिक पोर्टवर (हवेचा दाब मोजणाऱ्या छिद्रावर) आमची टेप राहिली होती, उड्डाणाआधी पायलटला दिसली म्हणून बरं. मी लगेच माफी मागितली. बिलाचं विचारलं की टोलवाटोलवी. आता 21 जुलैची वकिलाची नोटीस आली : दोन्ही विमानांच्या सगळ्या खिडक्या तुमच्या केमिकलने तडकल्या, पंधरा दिवसांत साडेसहा लाख द्या, नाहीतर ग्राहक आयोगात आणि पोलिसांत जाऊ. आमच्या दुकानात कामाला असलेल्या पोराने एका विमानाच्या बाजूच्या दोन खिडक्यांवर गाडीच्या काचेचा स्प्रे मारला होता, हे खरं. समोरच्या काचेवरच्या रेषा मात्र आधीच्या आहेत, माझ्याकडे काम सुरू करण्याआधीचे फोटो आहेत. त्यांनी माझा पास रद्द करवला. माझं पॉलिशर आणि शिडी आत अडकलीत. माझ्याकडे एका विमानाची चावी आणि धुवायला आणलेली सीट कव्हरं आहेत. मित्र म्हणतात, पैसे मिळेपर्यंत चावी देऊ नको. काय करू?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा नजर साडेसहा लाखांवर गेली, तुमचीही तिथेच अडकली असणार. दुसऱ्यांदा मी चावीपाशी थांबले. नोटिशीला उत्तर द्यायला अजून आठवडा आहे. चावीला तेवढा वेळ नाही.

मित्र सांगतात त्यात कायद्याचा एक धागा खरा आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 170 प्रमाणे, कुणी वस्तू तुमच्या ताब्यात दिली आणि तुम्ही तिच्यावर मेहनत किंवा कसब खर्च केलं, तर त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. शिंपी कपडा अडवतो, घड्याळजी घड्याळ अडवतो, ते याच हक्काने. पण हा हक्क ताब्यावर उभा आहे. विमान एक तासही तुमच्या ताब्यात नव्हतं. ते त्यांच्या हँगरमध्ये, त्यांच्या कुलपात होतं, तुम्ही त्यांच्या शिफारशीच्या पासवर आत जाऊन काम केलंत. आणि चावीवर तर तुम्ही काहीच काम केलेलं नाही. आतली सफाई करायला दार उघडावं म्हणून ती दिली होती. पैशासाठी ती दाबून ठेवलीत, तर समोरचा वकील भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली विश्वासघाताची तक्रार करायला मोकळा. अप्रामाणिक हेतू सिद्ध करणं त्यांना सोपं जाणार नाही. पण तो निकाल लागेपर्यंत पोलीस ठाण्याच्या चकरा तुम्हालाच माराव्या लागतील, आणि आज तुमचं देणं लागणारा माणूस उद्या फिर्यादी होऊन बसेल.

सीट कव्हरांचं वेगळं आहे. ती तुम्ही दुकानात आणलीत, धुतलीत, वाळवलीत. त्यांच्यावर तुमचा हक्क खरोखर आहे, पण तो कव्हरांच्या धुलाईपुरताच. तुमच्या बिलात त्या ओळीला 3,600 रुपये लावलेत. 3,600 साठी कव्हरं अडवता येतात, 84,000 साठी येत नाहीत. मला विचाराल तर तीही देऊन टाका. बदल्यात तुमचं पॉलिशर आणि शिडी मागा. ती अडवायचा त्यांना कुठलाच हक्क नाही, आणि नाहीच दिली तर विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, 1963 च्या कलम 7 आणि 8 खाली नेमकी तीच वस्तू परत मागणारा दावा लावता येतो. देवाणघेवाण विमानतळाच्या बाहेर करा. जुना पास खिशात असेल तर तो दाखवून आत शिरायचा विचारही करू नका. एका कागदावर चावी, कव्हरांचे नग, पॉलिशरचा मेक आणि नंबर, शिडी असं लिहा, दोघांच्या सह्या घ्या, आणि खाली एक ओळ टाका : ‘या देवाणघेवाणीने कुठल्याही पक्षाचा पैशाचा हक्क सोडलेला नाही.’

आता टेप. यावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण तुमच्या पत्रात ती एका वाक्यात उरकली आहे.

2 ऑक्टोबर 1996 च्या रात्री पेरूची राजधानी लिमाहून एरोपेरू कंपनीचं बोइंग 757 उडालं. त्याआधी विमान धुऊन पॉलिश केलं होतं, आणि त्या कामासाठी स्टॅटिक पोर्टवर लावलेली टेप काढायची राहिली होती. हवेचा दाब मोजणारी छिद्रंच बंद, त्यामुळे उंची आणि वेग दाखवणारी यंत्रं अंधारात खोटं बोलू लागली. विमान समुद्रात कोसळलं, त्यातले सगळे 70 जण गेले. टेप ज्याने लावली त्याच्या नजरेतून ती सुटली, ज्याने काम तपासायचं त्याच्या सुटली आणि विमानाला फेरी मारणाऱ्या पायलटच्याही सुटली. तुमच्या बाबतीत शेवटची नजर जागी होती, एवढाच फरक.

म्हणून उत्तरात टेपबद्दल सारवासारव नको. तुम्ही व्हॉट्सअॅपवर त्याच सकाळी माफी मागितली आहे, तो मेसेज त्यांच्याकडे आहे. आता ‘टेप आमची नव्हतीच’ असं लिहिलंत तर उरलेल्या दहा खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. चूक कबूल केल्याने बिल बुडेल, ही तुमची भीती समजते. पण करार कायद्याचं कलम 73 भरपाई देतं ती करारभंगातून झालेल्या नुकसानीची. टेप सापडली, काढली. तिच्यामुळे त्या विमानाची तपासणी करावी लागली असेल तर तिचा वाजवी खर्च ते मागू शकतात. लाखो रुपये त्यातून निघत नाहीत. पोलिसांची धमकी अगदीच पोकळ मात्र समजू नका. निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा न्याय संहितेच्या कलम 125 खाली गुन्हा आहे. विमान उडालंच नाही, हा तुमचा बचाव चांगला आहे, पण मेसेज पुसणं, फोन बदलणं, पोराला काही पढवणं यातलं काही केलंत तर तो बचाव तुम्हीच बुडवाल.

खिडक्यांचं काय? त्यांना आपण सवयीने काच म्हणतो, पण त्या ऍक्रिलिकच्या असतात, आणि सगळा घोळ इथेच आहे. सेसना 172 च्या पायलटच्या हँडबुकातच लिहिलेलं आहे की पेट्रोल, अल्कोहोल, ऍसिटोन, थिनर किंवा काच पुसायचा क्लीनर या प्लास्टिकवर वापरू नका, त्याने पृष्ठभागावर बारीक तडे जातात. तुमच्या पोराने तेच वापरलं, तेही नवतप्यात, जेव्हा हँगरच्या दारात उभ्या विमानाच्या पत्र्याला हात लावता येत नाही आणि फवारा पुसायच्या आत वाळून जातो. ‘आम्ही गाड्या धुणारे, आम्हाला काय माहीत’ हे उत्तर चालणार नाही. विमानाचं काम घेतलंत, म्हणजे त्या कामाला लागणारं साधं ज्ञान तुमच्याकडे आहे असं तुम्ही सांगितलंत. आणि पोराची चूक कायद्याने तुमचीच. तो तुमच्या पगारावर तुमचं काम करत होता, त्याचं नाव उत्तरात पुढे करू नका.

तेव्हा त्या दोन खिडक्यांपुरती तुमची बाजू कच्ची आहे, असं धरून चला. बाकीचं त्यांना सिद्ध करू द्या. ऊन आणि वय यांनीही ऍक्रिलिकवर अशाच रेषा येतात. कामाआधीचे तुमचे फोटो म्हणूनच मोलाचे आहेत. ते ज्या फोनमध्ये काढले तो फोन जपून ठेवा. फॉरवर्ड केलेली प्रत पुरावा म्हणून लंगडी पडते. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खाली त्यांच्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्याच्या एका भागावर तज्ज्ञाची सही लागते.

उत्तरात दोन मागण्या घाला. एक, काढलेल्या किंवा काढायच्या खिडक्या फेकू नयेत, परवानाधारक एअरक्राफ्ट मेन्टेनन्स इंजिनिअरकडून दोन्ही पक्षांसमोर तपासून घ्याव्यात. दुसरी मागणी मला जास्त महत्त्वाची वाटते : 28 मे ते 21 जुलै या काळातल्या दोन्ही विमानांच्या लॉगबुकांच्या प्रती. विमान किती वाजता उडालं, किती वेळ उडालं, कोणता दोष नोंदवला गेला, हे तिथे लिहिलेलं असतं. विमानं जून महिनाभर उडत राहिली असतील आणि खिडक्यांबद्दल एक ओळही नसेल, तर ‘27 मेला सगळ्या खिडक्या तडकल्या’ हे म्हणणं उभं राहणं कठीण. विमानं उभी होती म्हणत असतील तर ती उभी ठेवून तोटा वाढवला का, हेही विचारता येतं. कलम 73 तोटा कमी करण्याचे उपाय होते का तेही बघतं. जुन्या खिडकीच्या जागी नवीचा पूर्ण खर्च मागितला आहे, त्यालाही हरकत घ्या.

ग्राहक आयोगाची धमकी सोडून द्या. कंपनीने धंद्याच्या कामासाठी घेतलेली सेवा 2019 च्या ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही. त्यांना जायचं असेल तर दिवाणी न्यायालयात जावं लागेल, आणि रक्कम तीन लाखांच्या वर असल्याने बहुधा व्यावसायिक न्यायालयाच्या वाटेने. तिथे तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती तुमच्या फायद्याचीच आहे.

आता तुमचे 84,000. करार तोंडी होता म्हणून घाबरू नका, तोंडी करारही करारच. दोन वर्षांची आधीची बिलं आणि बँकेत आलेले पैसे दर सिद्ध करतील. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमची उद्यम नोंदणी कामाच्या आधीची आहे. प्रमाणपत्रात सेवा व्यवसाय म्हणून नोंद आहे ना, एवढं बघून घ्या. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 प्रमाणे, पैसे देण्याची लेखी मुदत ठरलेली नसेल आणि काम झाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नसेल, तर काम स्वीकारलं असं धरलं जातं. तुमचं काम 27 मेला संपलं. 11 जूनपर्यंत त्यांच्याकडून लिहून आला तो एकच मेसेज, तोही टेपचा. खिडक्यांची हरकत पहिल्यांदा आली ती 55 व्या दिवशी. म्हणजे 12 जूनपासून तुमच्या पैशावर व्याज चढतंय, आणि ते साधं नाही : रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. टेपचा मेसेज हीच लेखी हरकत, असा वाद ते घालतील. टेप त्याच सकाळी निघाली, हे त्याला उत्तर.

एक गैरसमज मात्र नको. काम स्वीकारलं असं धरल्याने खिडक्यांच्या भरपाईचा त्यांचा दावा मरत नाही. फक्त तुमचं बिल त्या दाव्याच्या मागे अडकून पडत नाही. भरपाई किती, हे ते स्वतःच ठरवून तुमच्या बिलातून कापू शकत नाहीत, ते न्यायालयाने किंवा लवादाने ठरवायचं. नोटिशीच्या उत्तरात बिल मागा. पैसे आले नाहीत तर या कायद्याच्या कलम 18 खाली सुविधा परिषदेकडे (लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद ऐकणारी सरकारी यंत्रणा) ऑनलाइन अर्ज करा. आधी समेटाचा प्रयत्न होतो, मग लवाद. निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि त्यांना तो न्यायालयात आव्हान द्यायचा असेल, तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. त्यांना प्रतिदावाही तिथेच मांडता येतो, म्हणून त्या दोन खिडक्यांचं काय द्यायला तयार आहात याचा आकडा मनाशी आधीच ठरवा.

उत्तराचा गाभा मी असा लिहीन :

‘एका विमानाच्या स्टॅटिक पोर्टवर टेप राहिली, ही आमची चूक होती. ती दि. 28 मे 2025 रोजीच मान्य केली आहे. आम्ही स्प्रे मारलेल्या एका विमानाच्या बाजूच्या दोन खिडक्यांबाबत संयुक्त तपासणीस आणि तिच्या निष्कर्षानुसार वाजवी खर्चाबाबत बोलण्यास आम्ही तयार आहोत. उर्वरित सर्व आरोप अमान्य. बिलाची रक्कम रु. 84,000 व दि. 12 जून 2025 पासूनचं कायदेशीर व्याज तात्काळ द्यावं.’

हे स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलही करा. पाठवण्याआधी सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात काम करणाऱ्या एखाद्या वकिलाला मूळ नोटीस आणि फोन दाखवून घ्या, कारण मी तुमचे फोटो पाहिलेले नाहीत. आणि पोराला आजच दुकानातली ती स्प्रेची बाटली काढून त्याने नेमकी कुठे, किती वेळा मारली ते विचारा. त्याच्या शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. दोन महिन्यांनी त्याला आठवेल ते वेगळं असेल.