एकच पेटी, दोन ठिकाणी दोन आकडे, खरं कोणाचं?

प्रश्न: जळगाव एमआयडीसीत आमचं कंट्रोल पॅनलच्या पेट्या बनवायचं काम आहे. ६० बाय ५० बाय २५ सेंमीची पेटी शिल्डिंग टेस्टला (बाहेरच्या रेडिओ लहरी पेटी किती अडवते ते बघायला) दिली. ४०० मेगाहर्ट्झच्या आसपास एका लॅबने ४४ डीबी दिले, दुसऱ्या लॅबने २१. पहिल्यांनी लांब अँटेना आडवा ठेवला होता आणि दुसऱ्यांनी मागच्या पत्र्यातून छोटी काडी (काडीसारखा अँटेना) आत घेतली होती. कस्टमरला कोणता आकडा सांगू?
– एक वाचक, जळगाव

उत्तर: भाऊ, दोघांनीही खोटं मोजलं असेल असं लगेच धरू नका. ४० डीबी म्हणजे आतली फील्ड (लहरीचा जोर) बाहेरच्या फील्डचा शंभरावा भाग आणि २० म्हणजे दहावा भाग, त्यामुळे फरक लहान नाहीये, पण त्याचं कारण बहुतेक तुमच्या पत्र्यात नसून अँटेनात आहे.

तुमच्या मापाच्या रिकाम्या पेटीचा पहिला रेझोनन्स (जिथे लहर आत घुमून जोर धरते ती फ्रिक्वेन्सी) साधारण ३९० मेगाहर्ट्झला येतो. तिथे आतली फील्ड मधोमध सगळ्यात जास्त असते आणि तिची दिशा असते २५ सेंमीच्या बाजूने, म्हणजे दारापासून मागच्या पत्र्याकडे. आता ४०० ला अर्ध्या वेव्हलेंथचा डायपोल (सरळ दांडीचा अँटेना) साधारण ३७ सेंमीचा, तो २५ मध्ये सरळ बसणारच नाही, म्हणून आडवा टाकतात आणि आडवा टाकला की या फील्डला तो काटकोनात येतो, त्याला ती जवळजवळ दिसतच नाही, आणि रिपोर्टमध्ये शिल्डिंग मस्त दिसतं. मागच्या पत्र्यातून आलेली काडी मात्र बरोबर त्याच दिशेत उभी आहे म्हणून तिने पकडलं.

दुसरं असं की अँटेना फॅक्टर (रीडिंगवरून फील्ड काढायचा आकडा) मोकळ्या जागेत कॅलिब्रेट केलेला असतो. चारही बाजूंनी पत्रा जवळ आला की अँटेनाचा इम्पीडन्स (करंटला होणारा विरोध) बदलतो, मग तो फॅक्टर आत तसाच लावणं चूकच. आणि ५० ओहमच्या मीटरला जोडलेला अँटेना आतली एनर्जी खातो, रेझोनन्स दाबतो, त्यामुळे पेटी आहे त्यापेक्षा चांगली दिसू शकते. केबलचंही बघा, कोॲक्स केबलची बाहेरची जाळी भोकाच्या कडेला पत्र्याला सगळीकडून टेकलेली नसेल तर बाहेरची लहर केबलवरूनच आत येते.

मोठ्या खोल्यांसाठी आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेची २९९ ही टेस्टची पद्धत आहे, पण ती २ मीटर आणि त्याहून मोठ्यांना. तुमच्यासारख्या ०.१ ते २ मीटरच्या पेट्यांसाठी २०१३ साली २९९.१ आली, लॅबला तीच मागा.

माझं मत विचाराल तर ४४ सांगू नका. काडीची पेटीबाहेरची रीडिंगही तशाच पत्र्यावर बसवून घेतली होती का एवढं दुसऱ्या लॅबला विचारा, घेतली असेल तर रिकाम्या पेटीचे २१ सांगा आणि सोबत अँटेना कोणता, कुठे, कोणत्या दिशेत हे लिहून पूर्ण ग्राफ द्या. आत कार्ड, वायरिंग भरल्यावर रेझोनन्स सरकतो आणि मंदही होतो, तेव्हा जमलं तर भरलेल्या पेटीचीही एक टेस्ट करून घ्या.