दोन शेजारी देशांतला भूभागाचा वाद मध्यस्थीने खरोखर मिटल्याचे उदाहरण आहे का?

होय, अर्जेंटिना आणि चिली यांच्यातला, दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकावरील बीगल सामुद्रधुनीचा वाद व्हॅटिकनच्या मध्यस्थीने १९८४ साली मिटला. पिक्टन, लेनॉक्स आणि नुएव्हा ही तीन बेटे चिलीची असल्याचा १९७७ चा लवादाचा निवाडा अर्जेंटिनाने धुडकावला आणि १९७८ च्या डिसेंबरात दोन्ही लष्करी राजवटी युद्धाच्या उंबरठ्यावर आल्या, तेव्हा पोप जॉन पॉल दुसरे यांनी कार्डिनल अंतोनियो सामोरे यांना धाडले. सामोरे यांनी बेटांच्या मालकीला आधी हातच घातला नाही. ८ जानेवारी १९७९ रोजी उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओत त्यांनी दोन्ही सरकारांकडून बळाचा वापर न करण्याची लेखी हमी घेतली आणि मूळ प्रश्नाची बोलणी पुढे व्हॅटिकनमध्ये चालवली. अखेरच्या करारात बेटे चिलीकडे राहिली, तर अटलांटिककडील सागरी हक्क बहुतांशी अर्जेंटिनाला मिळाले. मात्र याचे सगळे श्रेय मध्यस्थाला देता येणार नाही. पोपचा १९८० चा प्रस्ताव चिलीने स्वीकारला, पण अर्जेंटिनाच्या लष्करशहांनी लोंबकळत ठेवला. करार झाला तो १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनकडून अर्जेंटिनाचा पराभव झाल्यानंतर, अर्जेंटिनात लोकनियुक्त सरकार आल्यावर, आणि तोही तिथल्या सार्वमतात जनतेचा मोठा पाठिंबा मिळाल्यानंतर.