फोन्तेन्हासचे घर: ओल, बाथरूम, शिंपले आणि भावंडं

पणजीच्या फोन्तेन्हास भागातली पोर्तुगीजकालीन घरे आजच्या राहणीला सोयीची कशी करावीत, याबद्दल आलेल्या पत्रांतली ही काही.

प्रश्न: तळमजल्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून वॉटरप्रूफ रंग दिला. तरी कमरेपर्यंत पोपडे सुटतात. आता टाइल्स लावून टाकाव्यात का?

टाइल्सने पोपडे झाकले जातील, ओल मात्र आणखी वर चढेल. तुमची भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा जमिनीतले पाणी पितो आणि जुन्या चुन्याच्या गिलाव्यातून ते वाळून जायचे. सिमेंटने ती वाटच बुजवली. त्यात तुमच्या वस्तीच्या एका अंगाला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या अंगाला औरेमची खाडी. पाण्याला काय तोटा!

आधी भर पावसात बाहेर उभे राहून बघा, कौलांवरचे पाणी भिंतीच्या पायाशी तर साचत नाही ना. अंगणात फरशी घालताना उंची वाढवली असेल, तर निम्मा आजार तिथेच असतो. मग पाऊस ओसरल्यावर ओलीच्या रेषेच्या हातभर वरपर्यंत सिमेंट उतरवा, चिऱ्यांच्या सांध्यांतलेसुद्धा. छिन्नी-हातोडी हलक्या हाताने चालवायला सांगा. ब्रेकर मशीन लावले की चिराच फुटतो. भिंतीवर पांढरा खार आला तर कोरड्या ब्रशने झाडायचा. धुतलात तर तो विरघळून पुन्हा आत जातो. भिंत वाळायला महिने लागतात, आणि कंत्राटदार नेमका इथेच घाई करतो. नंतर एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग धुतलेली वाळू, पातळ थरांत. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हळूहळू घट्ट होतो, म्हणून सुरुवातीला गिलावा ओलसर ठेवावा लागतो. वरून रंगही चुन्याचाच. पिवळा, निळा, तांबडा, जो हवा तो द्या. पांढरा चर्चसाठी ठेवायची इथली जुनी रीत आहे.

प्रश्न: वरच्या मजल्याला लाकडी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांची जमीन आहे. तिथे बाथरूम होईल?

होईल, पण खालच्या न्हाणीच्या बरोबर वर, म्हणजे पाइप आखूड राहतात. तुळयांची टोके भिंतीत शिरतात तिथेच लाकूड आधी कुजते. तिथे पेचकस टोचून बघा. सहज आत गेला तर बाथरूमचा विषय बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. विटांच्या भिंती आणि जाड काँक्रीट नको, सिमेंट बोर्डाचे हलके पार्टिशन पुरते. पाइप भिंतीत पुरू नका. दिसला तर दिसू दे. गळती निदान कळेल तरी.

प्रश्न: काचेऐवजी शिंपले बसवलेल्या जुन्या खिडक्यांतून एसीची हवा जाते. काच बसवू?

शिंपले काढू नका. ज्याचे हे शिंपले, तो जीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे फुटक्या जागी जुन्या मोडक्या खिडक्यांचेच शिंपले शोधावे लागतात. आतून काचेचे वेगळे झडप लावा. एसीचे बाहेरचे युनिट मागच्या बाजूला. त्याच्या पाण्याची नळी भिंतीवर सोडलीत, तर वरच्या पहिल्या पत्रासारखेच पत्र तुम्हीही लिहाल. नवे वायरिंग भिंत न खोदता वरूनच, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

प्रश्न: घर सामायिक आहे, भावंडं मुंबई आणि लिस्बनला. कामाचा खर्च मी करणार, मग त्यांना विचारायला हवे का?

हवेच. गोव्याच्या नागरी कायद्यात विवाहाच्या सर्वसाधारण व्यवस्थेने नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते, त्यामुळे भावंडांच्या जोडीदारांच्या सह्याही घ्या. वाटणी झालेली नसेल तर इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याची कायदेशीर प्रक्रिया कुठे अडली आहे ते वकिलाला विचारा. फोन्तेन्हास संवर्धन क्षेत्रात आहे. दर्शनी भाग, छप्पर किंवा खिडक्यांची मापे बदलायला मंजुरी लागते. ही कागदपत्रे हातात आल्याशिवाय कंत्राटदाराला आगाऊ पैसे देऊ नका.