घरच्या बिर्याणीचा भात गिचका होतो आणि बूड करपतं, काय चुकतंय?

भात आधी पूर्ण शिजवता ना, तिथंच चुकतंय बघा. आमच्याकडं बेळगावात घरोघरी इंद्रायणी असतो, रोजच्या जेवणाला त्याच्यासारखा भात नाही पण तो मुळातच चिकट, बिर्याणीला जुना लांब बासमतीच आणा. अर्धा किलो तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुवून अर्धा तास भिजवायचा, मग भरपूर उकळत्या पाण्यात शहाजिरं, तमालपत्र आणि चव घेतली की खारट लागेल एवढं मीठ घालून शिजवायचा, दाणा बोटानं दाबल्यावर मधे कणी लागली की लगेच निथळायचा, पुढचं काम वाफ करते. चिकन अर्धा किलो, दही, आलं-लसूण, तळलेला कांदा लावून कमीत कमी दोन तास ठेवा आणि आधी शिजवून घ्या, दमावर कच्चं राहायची भीती नको. दही पाणी सोडतं, रस्सा फार पातळ वाटला तर थोडा आटवा.

करपू नये म्हणून जाड बुडाच्या पातेल्यात खाली चिकन, वर भात लावून ते तव्यावर ठेवा, झाकणाला कणीक लावा, मंद आचेवर वीस मिनिटं. गॅस बंद केल्यावर पंधरा मिनिटं उघडायचंच नाही, आणि ढवळू तर अजिबात नका, कडेनं उलथनं घालून काढा की.