गाव विचारून पत्ते कळत नाहीत

लेकरा,

तुझा मेसेज वाचला. पुढच्या महिन्यात पणजीला निघालास, मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर पहिल्यांदाच पोकरच्या टेबलाला बसणार, आणि विचारतोस, ‘काका, दिल्लीवाले कसे खेळतात, गुजराती कसे, परदेशी पाहुणे कसे, एवढं सांगून ठेवा.’ तू हे का विचारतोस ते मला कळतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, तोवर तू सगळं मोबाइलवर शिकलास. आता समोर जिता माणूस बसणार. अनोळखी माणसाचं आपल्याला सगळ्यात आधी काय कळतं, तर त्याचं गाव. मग आपण त्यालाच धरून बसतो. मी बसलो होतो.

गोव्यातच. माझ्या डाव्या हाताला साठीचे एक गृहस्थ होते. पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध. बसल्या बसल्या मला म्हणाले, ‘कुठून आलाव?’ त्या एका शब्दानं मी विरघळलो. नांदेडकडचे निघाले. मी मनात ठरवूनच टाकलं की हा आपल्याकडचा माणूस, दुष्काळ बघितलेला, रुपया मोजून खर्च करणारा. हा हातात काही असल्याशिवाय पैसे टाकणार नाही.

तासाभरानं माझ्या हातातल्या दोन पत्त्यांत राजा-राणी आले. टेबलावर सगळ्यांच्या सामाईक पत्त्यांत राजा, अठ्ठी, छक्की. मग तिर्री, शेवटी दुर्री. राजाची जोडी माझी, तिच्यावर जाणारं फारसं काही दिसत नव्हतं. शेवटच्या पत्त्यावर त्यांनी दोन्ही तळहातांनी सगळ्या चिप्स पुढे सारल्या आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसले. मी पाच मिनिटं विचार केला. ‘नांदेडचा म्हातारा उगं कशाला सगळं लावील?’ एवढाच तो विचार. पत्ते टाकून दिले. त्यांनी आपले उलटे करून दाखवले: नव्वी आणि सत्ती. पंजी किंवा दश्शी येऊन सरळ रांग लागेल म्हणून थांबले होते, ती आली नाही, मग नुसत्या धमकीवर डाव नेला.

पैशाचं दुःख दोन दिवसांत गेलं. पण त्याआधीच्या तासात हे गृहस्थ जवळजवळ दर दुसऱ्या डावात उतरले होते, दोनदा हलक्या पत्त्यांवर रेज करताना, म्हणजे पैसे वाढवताना, उघडे पडले होते, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. बघूनही मोजलं नाही, कारण त्यांची बोली माझ्या आजोबांसारखी होती. जेवताना कळलं, वीस वर्षं आखातात नोकरी केली, पत्ते तिथंच शिकले.

म्हणून सांगतो, गाव हा अंदाज आहे आणि तो पहिल्या दहा-पंधरा डावांपुरताच ठेव. माझे वडील हाळी हंडरगुळीच्या बाजारात बैल घ्यायला जायचे. ‘कुठला बैल?’ हे तेही आधी विचारत. पण त्यावर सौदा कधी केला नाही. जबडा उघडून दात मोजायचे, चारदाती आहे की जुळलेला ते बघायचे, वीस पावलं चालवायचे, आणि मगच रुमालाखाली हात घालायचे. बैलाला निदान जात तरी असते, देवणी काय, लाल कंधारी काय. माणसाच्या जिल्ह्याला तसलं काही नसतं.

‘स्कँडिनेव्हियन म्हणजे आक्रमक’ हे तू कुठंतरी ऐकलंयस. ते कुठून आलं ते बघ. डेन्मार्कचा गुस हॅन्सन, फिनलंडचा पॅट्रिक अँटोनियस, स्वीडनचा व्हिक्टर ब्लॉम, असे काही जबरदस्त खेळाडू लोकांना टीव्हीवर आणि मोठ्या ऑनलाइन टेबलांवर दिसले. घरी जपून खेळणारे हजारो डॅनिश कुणी बघितलेच नाहीत. दिल्लीवाल्याचंही तेच. तिकीट काढून गोव्याला पोकर खेळायला येणारा माणूस सगळ्या दिल्लीसारखा कसा असेल? २००३ च्या पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत ८३९ जण होते. शेवटी समोरासमोर उरले टेनेसीचा एक हिशेबनीस, ख्रिस मनीमेकर, आणि मुरलेले खेळाडू सॅम फरहा. मनीमेकरनं हातात काही नसताना सगळं लावलं आणि फरहांनी नव्वीची जोडी टाकून दिली. हिशेबनीस म्हणजे भित्रा, असं धरून बसणारा असाच फसतो.

कुठला आहे यापेक्षा कुठं शिकला हे विचार. हे खरंच उपयोगी पडतं. दिवाळीच्या तीन पत्तीवर वाढलेल्या माणसाला ‘पॅक’ म्हणणं, म्हणजे पत्ते टाकणं, जिवावर येतं. चाल देत राहायचं, शेवटी शो मागायचा, ही त्याच्या हाताची सवय असते, मग तो जालन्याचा असो की जयपूरचा. तो शेवटपर्यंत बघायला येतो, म्हणून त्याला नुसत्या धमकीनं उठवायला जाऊ नको. चांगला हात असला की पैसे लाव, तो देईल. मोबाइलवर शिकलेला पोरगा मात्र पत्ते झटकन टाकतो. दोघं एकाच गल्लीतले असू शकतात.

जहाजावर तासाला पंचवीस-तीस डावच होतात. पहिला तासभर कमी खेळ आणि जास्त बघ. कोण किती डावांत उतरतो, रेज करतो की नुसता कॉल, म्हणजे समोरच्याएवढेच पैसे टाकतो, आणि पत्ते उघडे पडले की मागे जाऊन आठव, या पत्त्यांवर त्यानं सुरुवातीला काय केलं होतं. एक उघडा पडलेला डाव दहा अंदाजांना भारी. पण घाईही नको. हातातल्या दोन पत्त्यांत एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते, तरी एखाद्याला एका संध्याकाळी दोनदा येऊन जाते. लागोपाठ तीनदा रेज केलं म्हणून त्याला वेडा ठरवू नको.

आणि ते तुलाही तोलणार आहेत. ‘लातूर’ म्हणालास की कुणाला २०१६ ची मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे आठवेल, कुणाला लातूर पॅटर्न. कुणी तुला गरीब, घाबरट समजेल, कुणी गणिताचा किडा. समजू दे, खोडत बसू नको. तुला घाबरट समजणारा तुझ्या पहिल्या मोठ्या बेटवर पत्ते टाकेल, हे ध्यानात ठेव.

ठरवलेली रक्कम घेऊन जा, सोयाबीनच्या पैशाला हात लावू नको, हे तुझ्या आईला मी शब्द दिलाय.

ब्रेक झाला की फोन कर. कोण दिल्लीचा, कोण सुरतेचा ते नको सांगू. पाचव्या सीटवरच्यानं कोणते पत्ते दाखवले आणि ते धरून आधी काय केलं होतं, तेवढं सांग.

तुझा,
काका