गोड्या पाण्यातील पाकट घरी पाळण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे चार फूट लांब आणि दीड फूट रुंद अशी टाकी असून तीत एंजल आणि टेट्रा मासे काही वर्षांपासून उत्तम राहत आहेत. अलीकडे एका विक्रेत्याकडे बशीएवढे पाकट, म्हणजे गोड्या पाण्यातील स्टिंग रे पाहिले. काहींना तो 'मोटोरो' म्हणत होता, काहींना 'टीकप'. त्यांतील एखादे माझ्या टाकीत ठेवता येईल का? तळाला खडी आहे, ती चालेल का? सोबत कोणते मासे ठेवावेत? घरात लहान मूल असल्यामुळे शेपटीच्या काट्याचीही काळजी वाटते.

उत्तर : आपण पाहिलेला मासा लहान जातीचा नसून लहान वयाचा आहे, हे आधी लक्षात घ्यावे. मोटोरोचे पिल्लू जन्मतःच सुमारे 10 सेंटीमीटर रुंद असते आणि अन्न-पाणी चांगले मिळाल्यास त्याची तबकडी, म्हणजे शेपटी वगळून उरणारे गोल शरीर, टाकीतही 45 ते 60 सेंटीमीटरपर्यंत वाढते. 'टीकप' हे तर कोणत्याही एका जातीचे नाव नाही. दक्षिण अमेरिकेतील नद्यांत राहणाऱ्या पोटॅमोट्रायगॉन या प्रजातीतील निरनिराळ्या जातींची पिल्ले या व्यापारी नावाखाली विकली जातात, आणि त्यांतली बरीचशी नदीतून पकडलेली व प्रवासात उपाशी राहून खंगलेली असतात. आकार लहान म्हणून ती सोपी असतील असे वाटते, पण नवख्या माणसाच्या हातून तीच अधिक दगावतात. पहिल्यांदाच पाकट पाळणाऱ्याने टाकीत जन्मलेले आणि नियमित खाणारे मोटोरोचे पिल्लू घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या टाकीची रुंदी दीड फूट म्हणजे साधारण 45 सेंटीमीटर भरते. पूर्ण वाढलेल्या पाकटाला तेवढ्या जागेत वळताही येणार नाही. हा मासा पाण्याची उंची फारशी वापरत नाही, तो तळ वापरतो. म्हणून त्याच्या टाकीचा विचार लिटरांत करण्याआधी तळाच्या क्षेत्रफळात करावा लागतो. एका मोटोरोसाठी सहा फूट बाय तीन फूट हा तळ मी किमान मानतो, आणि आठ बाय चार शक्य असेल तर तोच घ्यावा. उंची दोन फूट पुरेशी आहे. 'आता छोट्या टाकीत ठेवू, वाढला की मोठी घेऊ' हा बेत बहुधा फसतो, कारण मासा आपल्या सोयीची वाट पाहत नाही आणि अरुंद टाकीत साचणारी घाण त्याला वाढण्याआधीच आजारी पाडते. सहा बाय तीन बाय दोन फुटांच्या टाकीत सुमारे 1000 लिटर पाणी मावते. काच, वाळू आणि स्टँड धरून तिचे वजन एक टनाहून बरेच अधिक होते. ती वरच्या मजल्यावर ठेवायची असल्यास जमीन तो भार पेलेल की नाही, हे बांधकामातील जाणकाराला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आपली सध्याची टाकी मात्र वाया जाणार नाही. एंजल व टेट्रांची अन्यत्र सोय करता आली, तर हीच टाकी मोठ्या टाकीखाली संप (sump), म्हणजे फिल्टर बसवण्याची दुय्यम टाकी, म्हणून वापरता येईल, आणि पाकटाच्या बाबतीत मोठा फिल्टर हीच खरी गुंतवणूक असते. पाकट भरपूर खातो आणि त्या प्रमाणात भरपूर अमोनिया सोडतो. अमोनिया व नायट्राइट मात्र त्याला अगदी थोडेही सोसत नाही. फिल्टरमध्ये अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू पुरेसे वाढायला सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या जुन्या फिल्टरमधील स्पंज किंवा सिरॅमिक रिंग नव्या फिल्टरमध्ये घातल्यास हा काळ कमी होतो, तरी तो घड्याळावर ठरवू नये, टेस्ट किटवर ठरवावा. मासे नसलेल्या टाकीत दर लिटरला 2 मिलिग्रॅम एवढा अमोनिया होईल इतके अमोनियम क्लोराइड घालावे; चोवीस तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आलेले दिसले आणि असे सलग काही दिवस घडले, तरच फिल्टर तयार झाला असे समजावे. त्यानंतर मोठा पाणीबदल करून साठलेले नायट्रेट उतरवावे आणि मगच मासा आणावा. पिल्लाचा सौदा ठरवून मग टाकीच्या मागे लागण्याचा क्रम सर्रास दिसतो. तो उलटा करणे हेच या छंदातील अर्धे यश आहे.

पाण्याचे तापमान 26 ते 28 अंश सेल्सिअस आणि सामू (पीएच) 6 ते 7.5 यांच्या दरम्यान स्थिर ठेवावा. अंशाअंशाचा काटेकोर हिशेब करण्यापेक्षा ही स्थिरता महत्त्वाची आहे. सामू आणि तापमान जसजसे वाढते तसतसा तेवढाच अमोनिया अधिक विषारी ठरतो, हेही ध्यानात असू द्यावे. नायट्रेट दर लिटरला 20 मिलिग्रॅमच्या आत राहील अशा बेताने आठवड्यातून दोनदा 20 ते 30 टक्के पाणी बदलावे लागेल. 1000 लिटरच्या टाकीत याचा अर्थ दर खेपेस 200 ते 300 लिटर पाणी होतो, तेव्हा ते बादल्यांनी वाहण्याची कल्पना सोडून पाइप व पंपाची सोय आधीच करावी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन किंवा क्लोरामीन घालवणारे औषध प्रत्येक वेळी वापरणे अनिवार्य आहे. वीज गेल्यास हवा चालू राहावी म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ ठेवावा.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करतो. पाकट समुद्री कुळातला म्हणून पाण्यात मीठ टाकावे, असे पुष्कळांना वाटते. समुद्रातील पाकटे रक्तात युरिया साठवून खाऱ्या पाण्याशी समतोल राखतात. दक्षिण अमेरिकेतील या नदीवासी कुळाने ती क्षमता गमावलेली आहे आणि ते आता पूर्णपणे गोड्या पाण्याचे प्राणी आहेत. त्यांना टॉनिक म्हणून मीठ घालण्याचे काहीच कारण नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, माशांच्या दुकानात सहज मिळणारी तांबेयुक्त औषधे त्यांच्या टाकीत कधीही घालू नयेत.

आता खडीविषयी. पाकट तळाला टेकून पडलेला असताना तोंडाने नव्हे, तर डोळ्यांमागील छिद्रांतून पाणी आत घेतो आणि खालच्या बाजूच्या कल्ल्यांच्या फटींतून ते बाहेर सोडतो. पोटाकडची त्वचा मऊ असते आणि अंगावर वाळू उडवून दडण्याची त्याला सवय असते. टोकदार खडीने हीच त्वचा खरचटते व जखमा चिघळतात. त्यामुळे खडी काढून दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा बारीक, गुळगुळीत वाळूचा थर द्यावा. अनुभवी पाळणारे कित्येकदा तळ अगदी मोकळा ठेवतात, कारण तो स्वच्छ करणे सोपे जाते. मला स्वतःला वाळू बरी वाटते, कारण तिच्यात मासा निवांत राहिलेला दिसतो. दगड, ओंडके आणि रोपे यांचा मोह टाळावा, कारण त्यांनी व्यापलेली प्रत्येक वीत माशाच्या वाट्यातून जाते. हीटर उघडा ठेवू नये. पाकट त्याला चिकटून पडून राहतो आणि भाजतो. म्हणून हीटर संपमध्ये ठेवणे उत्तम, ते न जमल्यास त्यावर जाळीचे आवरण हवे.

सोबतीच्या माशांबाबत माझा सल्ला असा, की पहिले काही महिने पाकटाला एकटेच ठेवावे. नव्या माशासाठी एवढी मोठी वेगळी टाकी कोणी ठेवत नाही, म्हणून हाच त्याचा विलगीकरणाचा काळ ठरतो, आणि तो किती खातो हेही नेमके कळते. पुढे सिल्व्हर डॉलर किंवा अरोवाना यांसारखे वरच्या थरात वावरणारे मोठे मासे ठेवता येतात, अर्थात टाकी त्यांच्याही मापाची असेल तरच. प्लेको, म्हणजे काचेला चिकटून राहणारा 'सकर' मासा, मात्र अजिबात नको. तो रात्री पाकटाच्या पाठीला चिकटून त्याचा श्लेष्मल थर खरवडतो. पंख कुरतडणारे बार्ब आणि भांडखोर सिक्लिडही वर्ज्य. आपले टेट्रा त्याचे भक्ष्य होतील, हे वेगळे सांगायला नको.

काट्याची आपली काळजी रास्त आहे, पण पाकट हल्लेखोर नाही. पाय पडला, जाळ्यात अडकला किंवा दाबला गेला तरच तो शेपटी उसळवतो. काटा दातेरी असतो, त्यावरील आवरणात विषग्रंथींची ऊती असते, आणि तो अधूनमधून गळून त्या जागी नवा येतो. म्हणून काटा कापून प्रश्न सुटत नाही, उलट माशाला इजा होते. त्याला जाळ्याने कधीच पकडू नये, काटा जाळीत गुंततो. पाण्याखालीच कडक प्लास्टिकच्या टबात वळवून घ्यावे. टाकीत हात घालताना मासा कोठे आहे ते आधी पाहावे आणि नजर तेथून काढू नये. टाकीला कुलूप लावता येईल असे झाकण असावे. मुलाने हाताने खाऊ घालण्याचा खेळ घरात सुरूच होऊ देऊ नये.

काटा लागलाच, तर वेदना जखमेच्या मानाने फार तीव्र असतात. विष उष्णतेने निष्प्रभ होणाऱ्या प्रथिनांचे असल्यामुळे हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम, परंतु 45 अंश सेल्सिअसपेक्षा अधिक नसलेल्या पाण्यात 30 ते 90 मिनिटे बुडवून ठेवावा. पाण्याची उष्णता निरोगी हाताने तपासावी, कारण दुखऱ्या भागाला भाजत असल्याचे कळत नाही. यानंतर वेदना थांबल्या तरी रुग्णालयात जावेच लागते: काट्याचे तुकडे आत राहिलेले असू शकतात, जंतुसंसर्गाचा धोका असतो आणि धनुर्वाताची लस पाहावी लागते. काटा मान, छाती किंवा पोटात रुतला असेल, तर तो स्वतः उपटू नये. तसाच ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

प्रश्न : काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला पाकट घ्यायचा आहे. तो मोटोरोसारखाच सांभाळावा का?

उत्तर : आपण वर्णन केलेला मासा बहुधा ब्राझीलच्या शिंगू नदीतील लिओपोल्डी असावा, तोकांतिन्स नदीतील हेनलेईही त्याच्यासारखाच दिसतो. पाण्याच्या आणि जागेच्या गरजा जवळपास मोटोरोच्याच आहेत. फरक कागदपत्रांत आहे. 2022 मध्ये पनामा येथे झालेल्या सायटिस, म्हणजे वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारातील देशांच्या परिषदेत या दोन्ही जातींचा समावेश दुसऱ्या परिशिष्टात झाला, त्यामुळे त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याखालीच होऊ शकतो. मासा कोठून आला आणि टाकीत जन्मला की नदीतून पकडला, याचे लेखी उत्तर न देणाऱ्या विक्रेत्याकडून तो घेऊ नये. पुढे सांभाळणे न झाल्यास तो तलावात सोडण्याचा विचारही करू नये. सिंगापूरच्या अप्पर सेलेतार जलाशयात अशाच परक्या मोटोरोंची वीण झाल्याचे नोंदले गेले आहे.

प्रश्न : माझ्या पाकटाने चार दिवसांपासून खाणे सोडले असून त्याच्या तबकडीची कड वर वळू लागली आहे. काय करावे?

उत्तर : कड वर वळणे हे गंभीर लक्षण आहे, म्हणून औषध शोधण्याआधी आजच अमोनिया, नायट्राइट आणि सामू तपासावा. अमोनिया किंवा नायट्राइट दिसल्यास त्याच तापमानाचे, क्लोरीन काढलेले पाणी वापरून 40 ते 50 टक्के पाणीबदल करावा, हवा वाढवावी आणि फिल्टर बंद पडला किंवा कडक धुतला गेला का, ते पाहावे. पाणी निर्दोष निघाल्यास माशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाला दाखवावे. शेपटीच्या बुडाशी कमरेचा सांगाडा उठून दिसत असेल, तर उपासमार चार दिवसांहून जुनी आहे. मासा पुन्हा हालचाल करू लागला, की तुकडे केलेले गांडूळ त्याच्या अगदी समोर तळावर ठेवावे. पाकटाचे डोळे वर आणि तोंड खाली असल्यामुळे तो अन्न वासावर व विद्युत्संवेदनेवर शोधतो, आणि सगळे नाकारणारा पाकटही गांडूळ बहुधा नाकारत नाही. तेही अर्ध्या तासात उचलले नाही, तर काढून टाकावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यावे.